उंची कुणी मोजलीच नाही

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे, आणि खरं सांगायचं तर फार थकलो आहे. तीस वर्षं लोकांना टेकवून घेतल्यावर आपणही कुठे तरी टेकावं असं वाटतं. पण सोफ्याने टेकायचं कशावर?

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका वर्कशॉपमध्ये झाला. माझे मालक शरदचंद्र तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. ते आणि त्यांच्या पत्नी मालिनीबाई ऑर्डर द्यायला आले, तेव्हा भगवंत मिस्त्रींनी साहेबांना फळ्यांच्या चळतीवर बसवलं आणि त्यांच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत टेप धरली.

“अहो, सोफा हॉलमध्ये ठेवायचाय, पायात नाही घालायचा,” मालिनीबाई हसून म्हणाल्या.

“वहिनी, बसायला काय, माणूस फूटपाथवर पण बसतो. साहेबांना उठता आलं पाहिजे,” मिस्त्री म्हणाले आणि फळीवर पेन्सिलीने लिहिलं: साडेअठरा इंच. तीच माझी उंची.

मग मी बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर राहायला आलो. माझे दिवस चांगले गेले. पाहुणे माझ्या सागवानी हातांवरून बोटं फिरवत, “कुठे केलात?” म्हणून विचारत. दर दिवाळीला मला पॉलिश मिळे. लहानपणी त्यांचा वरद गोवराच्या तापात आठ दिवस माझ्यावरच झोपला होता. पुढे मालिनीबाई गेल्या आणि माझ्या गाद्या उन्हात घालणारं कुणी राहिलं नाही. उजव्या हाताचा सांधा सैल झाला. कुणी जोरात बसलं की मी कुरकुरायचो, आणि सगळे म्हणायचे, “आता हा बदलायला झाला.” मीही मनात म्हणे, झालोच आहे.

घरात आता शरदचंद्र, मुलगा वरद, सून स्वप्नाली आणि नात राजसी. वरद आणि स्वप्नाली दोघंही नोकरीला जातात. दुपारी दीडला राजसी शाळेतून येते. तिला दार उघडायचं आणि गरम वरणभात वाढायचा, एवढं एकच काम शरदचंद्रांनी हट्टाने स्वतःकडे ठेवलं होतं. बेल वाजली की ते माझ्या उजव्या हातावर तळवा रोवत, “आलो गं” म्हणत आणि उभे राहत. सत्त्याहत्तर वर्षांचे गुडघे ते. पण एवढ्यापुरते ते कुणाचे मिंधे नव्हते.

एका रविवारी वरदने मला भिंतीपासून ओढलं आणि फरशीवर वर्तमानपत्रं अंथरली. एल आकाराचा नवा सोफा घ्यायचा होता, आणि तो हॉलमध्ये मावतो की नाही ते पाहायचं होतं. टेप निघाली. स्वप्नालीने बाल्कनीचं दार उघडून पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. राजसी कागदांवर लोळून आली. सगळं अगदी बरोबर बसलं. वर्तमानपत्राला लांबी असते, रुंदी असते. उंची मात्र नसते. हे माझ्या लक्षात आलं होतं. पण सोफ्याला विचारतो कोण?

दुकानातली हकिकत मला संध्याकाळी माझ्यावर बसूनच झालेल्या गप्पांतून कळली. तिघांनी चार सोफे बसून पाहिले. दुकानदार हरेशभाईंनी शरदचंद्रांना पंख्याखाली प्लास्टिकची खुर्ची दिली होती. “अंकल, तुम्ही आरामात बसा, चाय घ्या, बाकी मुलं बघतील!” वरदने लांबूनच विचारलं, “बाबा, कसा वाटतो?” आणि बाबा म्हणाले, “छान आहे.” पोरं हौसेने घेताहेत, त्यात आपली रड कशाला, असा त्यांचा स्वभाव. बसून पाहिलं नाही ते फक्त त्यांनी.

नवा सोफा आला. देखणा होता, उगाच का म्हणू? मला दाराबाहेर जिन्याजवळ ठेवलं आणि माझ्यावर चपलांचं स्टँड चढवलं. रविवारी भंगारवाला येणार होता.

त्या आठवड्यात शरदचंद्र स्वयंपाकघरातल्या स्टुलावरच बसून राहिले. वरदला ते लागलं. “एवढा मनापासून घेतला, तर बाबा त्याच्यावर बसत पण नाहीत यार,” असं तो दारात बूट काढताना स्वप्नालीला म्हणाला. बाबांच्या कानावर ते गेलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी ते नव्या सोफ्यावर बसले.

दीड वाजता राजसीने बेल दाबली.

“आलो गं!” आतून आवाज आला. दार उघडलं नाही. तिने पुन्हा दाबली. “आलो, आलो!” मग नुसतं कण्हणं, काहीतरी सरकल्याचा आवाज. राजसी चपलांचं स्टँड बाजूला करून माझ्यावर बसली.  “आजोबा, बोला ना! तुम्ही ठीक आहात ना?”

पंधरा मिनिटांनी कडी निघाली. आजोबा जमिनीवर होते. सोफ्यावरून खाली घसरून, रांगत दारापर्यंत आले होते.

“कुणाला सांगू नकोस हं,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

राजसीने त्यांना काखेत हात घालून कसंबसं माझ्यावर बसवलं. थोडा दम खाऊन त्यांनी माझ्या उजव्या हातावर तळवा रोवला आणि ते उभे राहिले. एकटेच. राजसी पाहत राहिली. मग ती आत जाऊन टेप घेऊन आली. मी साडेअठरा भरलो. नवा चौदा.

तिने आजोबांचा शब्द पाळला. संध्याकाळी वरद घरात शिरला, तेव्हा खिडकीपाशी, नव्या सोफ्याच्या आडव्या भागावर आणि शेजारच्या फरशीवर मिळून, वर्तमानपत्रं अंथरलेली होती. बरोबर माझ्या मापाची.

“हे काय आता?”

“हा तुकडा सुटा होतो ना, बाबा? तो बेडरूममध्ये नेऊ. इथे दुसरा सोफा ठेवायचाय.”

“कुठला दुसरा?”

तिने टेप काढली. आधी नवा सोफा मोजला, मग आजोबांच्या पायाला टाचेपासून टेप धरली. वरद गुडघ्यापाशीचा आकडा बघत राहिला आणि मटकन खालीच बसला. “बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू विचारलंस तेव्हा मी चहा पीत होतो रे,” शरदचंद्र म्हणाले.

भंगारवाला रविवारी आला आणि रिकाम्या हाताने परत गेला.

मित्रांनो, घरासाठी काही निवडाल तेव्हा भिंती मोजा, दारं मोजा. पण घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला आधी त्याच्यावर बसवा, आणि मग उठायला सांगा. आमच्यासारख्या जुन्यांचे सांधेही कधीतरी आवळून घ्या. माझा अजून सैलच आहे. वरद म्हणतो, या सुट्टीत नक्की. तोवर रोज दुपारी दीडला बेल वाजते, एक थकलेला तळवा माझ्या थकलेल्या हातावर पडतो, आम्ही दोघंही कुरकुरतो, आणि दार उघडतं.