सकाळचं रक्त

कौशल्यानं पदराआडून थर्मास काढला, झाकणात बीट-डाळिंबाचा रस ओतला आणि चमचा नवऱ्याच्या ओठांशी नेला. तोंडानं थेंबभरही काही द्यायचं नाही, असं तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. पण नर्स पलीकडच्या खाटेकडे वळली होती आणि रक्त घ्यायला माणूस आता येईलच, अशी वेळ झाली होती.

"घ्या ना, रजतचे बाबा. एकच घोट," ती कुजबुजली.

संघपाल छताकडे बघत होता. हिंगण्याच्या कारखान्यातला हा फोरमन, मशीनच्या वर आवाज चढवणारा. परवा चहा पिता पिता उजवीकडे कलंडला आणि मुकाच झाला. डॉक्टरांनी मेंदूतली गुठळी ओढून काढली खरी, पण उजवं अंग लुळंच राहिलं. बोललेलं त्याला समजतं की नाही, हेही कुणी छातीठोकपणे सांगेना.

चमचा आत गेला आणि तो गुदमरला. चेहरा काळानिळा पडला, रस उशीवर उडाला, उशाजवळचं मशीन कर्कश वाजू लागलं. नर्स धावली, तिच्यामागे डॉक्टर अदिती. दोघींनी त्याला कुशीवर वळवून नळीनं घसा मोकळा केला. कौशल्या भिंतीला चिकटून उभी होती. हातातला चमचा खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

त्याचा श्वास पूर्ववत झाल्यावर अदिती वळली.

"मावशी, हे फुफ्फुसात गेलं असतं म्हणजे? काय विचार करून पाजलंत?"

"तुमीच तं म्हटलं मॅडम, सकाळच्या रक्तावरून समजन, किती सुधरतीन म्हणून. मले वाटलं, रक्त चांगलं निघालं पायजे. त्या नाकातल्या नळीच्या पातळ दुधानं काय रक्त बनन?"

अदितीचा राग तोंडातच राहिला. वाक्य तिचंच होतं, आदल्या दिवशी घाईघाईत, चालता चालता टाकलेलं. तिनं स्टूल ओढलं.

"ही पास-नापासाची परीक्षा नाही हो. मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातला एक पदार्थ रक्तात उतरतो. तो जितका जास्त, तितकी इजा मोठी. डाळिंबानं तो कमी होत नाही."

"म्हंजे जे व्हायचं ते होऊन गेलं?"

"इजा होऊन गेली. सुधारणा किती होईल, याचा फक्त अंदाज करता येतो. अंदाज चुकतातही."

रक्त तपासणीला गेलं. त्यानंतरचा वेळ कौशल्यानं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. कुणी पांढरा कोट दारातून आला की ती उठून उभी राहायची. दुसऱ्या दिवशी दुपारी अदितीनं तिला बाहेर बोलावलं.

"आकडा हवा त्यापेक्षा बराच जास्त आहे, मावशी. वेळ लागेल. आणि बोलणं पूर्ण परत येईलच, असं नाही."

कौशल्या रडली नाही. तिनं नळाखाली तोंड धुतलं, पदरानं कोरडं केलं आणि हसऱ्या चेहऱ्यानं आत गेली.

"रिपोर्ट एक नंबर आला बरं का!"

संघपालची नजर छतावरून उतरली. डावी भुवई हळूहळू वर चढली.

एवढ्या वर्षांच्या संसारात तिची एकही थाप त्याच्यापुढे पचली नव्हती. दर वेळी हीच भुवई आडवी यायची आणि ती चिडायची. आज मात्र पकडलं गेल्याचा आनंद तिच्या पोटात मावेना.

"मॅडम! यायले समजते! मी खोटं बोलली, यायनं पकडलं!"

अदिती दारातून जवळ आली. "तुमच्या चेहऱ्यावरून ओळखलं असेल. त्यांच्याकडे पाठ करून बोला बरं काहीतरी."

कौशल्या खिडकीकडे वळली. "मी आज पोटभर जेवली."

"भुवई वर गेली," अदिती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आता एक खरं सांगा."

खरं म्हणावं असं एकच होतं. कौशल्यानं खिडकीची चौकट घट्ट धरली.

"रिपोर्ट चांगला नाई आला, रजतचे बाबा."

न राहवून कौशल्या वळली. भुवई जागच्या जागी होती. संघपालनं डावा हात तिच्याकडे पुढे केला होता.