लाल गाडीचा नवस

लटारूभाऊंनी मटण सोडलं ते फॉर्म्युला वनपायी, हे नागभीडच्या पलीकडे कोणाला सांगितलं की लोक मलाच खुळ्यात काढतात. आमच्या गावात याचं कोणाला नवल नाही. पोरगं पास व्हावं म्हणून नवस बोलतात, म्हैस गाभण राहावी म्हणून बोलतात, मग ब्राझीलमध्ये पळणाऱ्या एका गाडीसाठी कोणी बोललं तर आमच्या गावदेवीचं, मातामायचं काय बिघडलं?

मी विक्की. बसस्टॉपजवळ माझं मोटरसायकलचं गॅरेज आहे. माझं डोकं लवकर तापतं, आणि रेसचा विषय असला तर ते आधीपासूनच तापलेलं असतं. माझी चुलत बहीण करिश्मा बाजूलाच सेतू केंद्र चालवते, लोकांना सातबारा नि दाखले काढून देते. गावातलं सगळ्यात चांगलं इंटरनेट तिच्याकडे. तिसरे लटारूभाऊ, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. रेस बघणारे गावात आम्ही तिघंच. बाकीचं गाव आम्हाला येडं म्हणतं, त्यातले शहाणे कोण ते मी अजून शोधतो आहे.

भाऊंनी सारी उमर लाल एसटी चालवली. डेपोतल्या टीव्हीवर पहिल्यांदा लाल फेरारी दिसली आणि त्यांनी तिथंच ठरवलं, ही आपली. तेव्हापासून जुनं चांगलं की नवं, यावर भाऊंच्या अंगणात आमचं रोज वाजतं.

“आताच्या गाड्यायले आवाज हाये का?” भाऊ म्हणतात. “मिक्सरवानी गुरगुरतेत. लाल गाडीत शूमाखर होता त्या टायमाले टीव्ही बंद केला तरी कानात वाजत राहे.”

“पन रेस कुठी होती, भाऊ?” मी म्हणतो. “तो पुढं निघे, बाकीचे मागून वरातीवानी. दुसऱ्या फेरीलेच झोप लागे.”

“तुले लागत असन. ड्रायव्हर होते ते. आताचे पोट्टे रेडिओवर रडतेत. टायर थंडे झाले, समोरचा रस्ता देऊन नाई राह्यला. मी इतके वर्षं गाडी चालवली, कधी म्हनलो का पाठ दुखते म्हनून?”

“रोज म्हनत,” आतून सुगंधाबाई बोलतात. “घरी आल्यावर.”

सुगंधाबाई म्हणजे भाऊंची बायको. मटण करावं तर त्यांनीच. लग्नाकार्यात आचारी असला तरी मटणाच्या गंजाजवळ, त्या मोठ्या पातेल्यापाशी, बाईंनाच बोलावतात. मीठ-तिखट टाकतात आणि चाखून बघत नाहीत, हाताचा अंदाजच तसा, असं सगळे कौतुकानं म्हणतात. आणि अशा बाईचा नवरा सोळा वर्षं वांग्याची भाजी खात होता.

झालं ते असं. २००८ ची शेवटची रेस, ब्राझीलला. आपल्याकडे मध्यरात्र. भाऊ डेपोच्या रेस्टरूममध्ये टीव्हीपुढे, लाल गाडीत मास्सा सगळ्यांच्या पुढे, आणि तिकडे शेवटी शेवटी पाऊस सुरू झालेला. भाऊंनी हात जोडले. “माय, लाल गाडीले चॅम्पियन कर. होईपर्यंत मटनाले हात लावनार नाई, आन झाली का तुले बोकड.” मास्सा रेस जिंकला. त्याच्या गॅरेजमधले लोक नाचायला लागले, भाऊ झोपलेल्या कंडक्टरला उठवून त्याच्यासोबत नाचले. आणि तेवढ्यात मागे, अगदी शेवटच्या वळणावर, कपासाठी मास्साशी टक्कर असलेल्या हॅमिल्टननं एक गाडी ओलांडली. सालभराच्या हिशेबात एका पॉइंटनं मास्साचा कप गेला.

त्या दिवसापासून भाऊंनी मटण सोडलं आणि मातामायशी बोलणंही सोडलं. तिच्या देवळापुढून जाताना सारं गाव वाकायचं, भाऊ नुसता स्कूटरचा हॉर्न वाजवायचे. ज्या हॅमिल्टननं घास पळवला तोच २०२५ ला लाल गाडीत बसणार, ही बातमी आली तेव्हा तर भाऊ दोन दिवस माझ्या गॅरेजवर फिरकले नाहीत.

हे सगळं गमतीत चाललं होतं ते दीपिकाचं लग्न होईपर्यंत. दीपिका भाऊंची एकुलती एक मुलगी. नवरा खुशाल गडचिरोलीला दवाखान्यात लॅबमध्ये काम करतो, शांत माणूस, पांढरा शर्ट, पांढरी गाडी. पण त्याच्या घरची रीत अशी की सासऱ्याच्या ताटात जे असेल तेच जावयाच्या ताटात, आणि सासऱ्यानं पहिला घास घेतल्याशिवाय जावई जेवत नाही. दोनदा आला, दोनदा वांगं खाऊन गेला. तिसऱ्यांदा यायच्या आधी दीपिकाचा फोन आला.

“बाबा, सासूबाई सगळ्यायसमोर विचारतेत, तुह्या माहेरी वांग्याशिवाय काई पिकत नाई का म्हनून. मी काय सांगू?”

भाऊ फोन ठेवून गॅरेजवर आले आणि टायरांच्या ढिगावर बसले. पोरीची मान खाली गेली होती आणि ती त्यांच्या शब्दापायी गेली होती. नवस मोडावा तर मायचा कोप, पाळावा तर पोरीचं माहेर हसण्यावारी.

वाट काढली करिश्मानं. ती २०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट, सीझनची शेवटची रेस राहिली होती, अबुधाबीची.

“भाऊ, कप दोन असतेत,” ती म्हणाली. “एक ड्रायव्हरचा, एक कंपनीचा, तिच्या दोन्ही गाड्यायचे पॉइंट मिळून. ड्रायव्हरचा तं कवाच दुसऱ्याच्या घरी गेला. पन कंपनीचा अजून बाकी हाये. लाल गाडी नाई तं पपई रंगाची मॅक्लारेन, दोघायपैकी एक. रविवारी ठरन. आन खुशालभाऊजी रविवारीच येऊन राह्यले.”

“कंपनीचा कप म्हनजे कप हाये का?” भाऊ उसळले. “आमच्या डेपोले ढाल भेटली होती, मले पेढा तरी भेटला का?”

इथं माझं डोकं तापलं. मी म्हणालो, “भाऊ, नवसात तुमी काय म्हनले? लाल गाडीले चॅम्पियन कर. मास्साले कर म्हनले का? गाडी कोनाची असते? कंपनीची. मंग कप कंपनीचाच मोजा लागन.” वकिली मला येत नाही, पण त्या दिवशी आली. आम्ही जुनं-नवं सगळं काढलं, कोणत्या साली कोणता कप मोठा मानला, कोण कशासाठी रडलं. भाऊ हळूहळू नमले. दीपिकासाठी नमले, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

रविवारी सकाळी सोळा वर्षांचा रुसवा सोडून भाऊ नारळ घेऊन मातामायपुढे उभे राहिले. आम्ही साक्षीला. “माय,” ते म्हणाले, “कंपनीचा कपबी कपच. हे लटारूनं मान्य केलं.” नारळ एका फटक्यात फुटला. मला तेव्हाच वाटलं, आज काहीतरी होणार.

संध्याकाळी भाऊंच्या अंगणात टीव्ही मांडला. करिश्मानं लॅपटॉप जोडला. चुलीवर बाईंनी मटणाचा गंज चढवला होता, आणि त्याचा वास असा सुटला होता की शेजारचे लोक उगाच मिरच्या मागायला येत होते. खुशाल नवीन पांढऱ्या शर्टात खुर्चीवर. दीपिका दारात.

पहिल्याच वळणावर एक पपई रंगाची गाडी धक्का लागून गिरकी खाऊन पार मागे गेली. भाऊ उठले ते बसलेच नाहीत. आमच्या लाल गाड्यांतली एक तर जवळजवळ शेवटून निघाली होती, ती एकेकाला ओलांडत अशी वर आली की मी करिश्माच्या पाठीत तीन गुद्दे घातले आणि तिनं मला चार. “पाह्य, पाह्य, याले म्हनतेत ड्रायव्हर,” भाऊ ओरडत होते, “शूमाखरपेक्षा कमी नाई,” आणि हे त्यांच्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो.

पण दुसरी पपई पहिल्या फेरीपासून पुढे होती, ती शेवटपर्यंत पुढेच राहिली. लाल दुसरी आली. लाल तिसरीही आली. आणि कप गेला, थोड्याच पॉइंटांनी.

अंगणात नुसता चुलीचा आवाज. “मामाजी,” खुशाल भीत भीत म्हणाला, “दुसरा-तिसरा आला तं चांगलंच झालं ना?” दीपिका आत निघून गेली. मला तर रडायलाच आलं, लपवत कशाला बसू? पोरीच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत भाऊ म्हणाले, “वांगे हायेत का घरी?”

बाई हातातली पळी तशीच धरून उभ्या होत्या. “एक सांगा,” त्या म्हणाल्या. “हा कंपनीचा कप दरसाल असते का?”

“दरसाल,” करिश्मा म्हणाली.

“मंग यायनं नवस केला त्या साली तो कोनाले भेटला होता?”

“बाई, आता ते जुनं कशाले—” मी खेकसलो आणि मधेच थांबलो. करिश्मानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे एकदम म्हणालो, “लाल गाडीले.”

२००८ चा कंपनीचा कप फेरारीचा होता. त्याच रेसला पक्का झाला होता. आम्हाला हे पाठ होतं, कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण मास्सा एका पॉइंटनं हरला त्याचं सुतक आम्ही इतकी वर्षं पाळत होतो की त्याच रात्री घरात दुसरा कप आला हे कोणी हिशेबात घेतलंच नव्हतं.

भाऊ मटकन खाटेवर बसले. “म्हनजे मी मांगितलं, आन मायनं तवाच देल्लं?”

“तवाच.”

“आन मी सोळा वर्षं तिच्यापुढून तोंड फुगवून जाऊन राह्यलो?”

“हॉर्न वाजवून,” करिश्मा म्हणाली.

पहिली हसली ती दीपिका, दारामागून. मग मी, मग सगळेच, खुशालसुद्धा, काही न समजता. भाऊ हसत होते आणि डोळे पुसत होते. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. “आन बोकड?” त्या म्हणाल्या. “झाली का बोकड देईन म्हनले होते ना? आधी मायचं पान, मंग तुमचं. चला.”

ताट वाढलं. बोकड मंगळवारी, आज नैवेद्य, असं बाईंनीच मायच्या वतीनं ठरवून टाकलं. मातामाय गावाच्या शेवटाला, आणि जावई उपाशी. भाऊंनी खुशालपुढे हात केला. “चाबी द्या, जवाईबापू.” खुशाल मागच्या सीटवर ताट मांडीवर घेऊन, मी त्याच्या बाजूला, करिश्मा पुढे. रिटायर झाल्यापासून भाऊंनी स्टेअरिंग धरलं नव्हतं. कापलेल्या धानाच्या पुंजण्या रचलेल्या त्या वाटेवर भाऊंनी गाडी अशी काढली की मी मनातल्या मनात मातामायला दोन नारळ कबूल केले. करिश्मा पुढून कॉमेंट्री करत होती, “लटारूभाऊ आतल्या बाजूनं, समोर बकऱ्या, भाऊ ब्रेक दाबून नाई राह्यले.” शेवटच्या वळणावर रस्सा उसळला आणि खुशालच्या शर्टावर लालभडक पसरला. आम्ही चपापलो. खुशालनं खाली पाहिलं. “मामाजी,” तो म्हणाला, “आता मी आपल्या टीमचा.”

भाऊ मायपुढे आडवे झाले. काय बोलले ते आम्ही ऐकलं नाही, पण बराच वेळ बोलले. येताना हॉर्न वाजवला नाही.

घरी आल्यावर सासरा-जावई शेजारी बसले. दीपिकानं वाढलं. भाऊंनी भातात रस्सा कालवला, एक फोड घेतली, डोळे मिटले आणि चावत राहिले. सगळं अंगण त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

“मीठ कमी हाये,” भाऊ म्हणाले.

मी बाईंकडे पाहिलं, आता पळी डोक्यात बसते असं वाटलं. “असन,” त्या सरळ म्हणाल्या. “चाखलं कोनं? तुमी सोडलं तवापासून मीबी तोंडात टाकलं नाई.”

एवढ्या लग्नांत, एवढ्या गंजांपुढे बाई उभ्या राहिल्या होत्या, आणि आम्ही सगळे हाताच्या अंदाजाचं कौतुक करत बसलो होतो. भाऊंच्या नवसाची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती, बाईंची त्यांच्या नवऱ्यालाही नव्हती. भाऊंनी ताट हातात घेतलं, उठले, चुलीजवळ जाऊन बाईंसमोर उकिडवे बसले आणि दुसरी फोड त्यांच्या तोंडाशी धरली. जावयासमोर. बाई लाजल्या, पदर ओढला आणि मग घास घेतला.

सावकाश चावून त्या म्हणाल्या, “मीठ बरोबर हाये. तुमाले सवय नाई राह्यली.”