देवराईतले पत्रे

मोहिनीबाईंची योजना इतकी साधी होती की सावळेरामला लगेच संशय आला. शाळेला खोल्या दोन. एकीचे कुजके पत्रे उतरवून नवे चढवायचे, तोवर सगळी पोरं दुसरीत, मग उलट. शिकवणं एक दिवसही बंद नाही.

"आन् उतरवलेलं छप्पर परत चढलंच न्हाई तर?" शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून त्याने विचारलं.

"पहिल्या खोलीचे नवे पत्रे दारात येऊन पडलेत की!" बाई म्हणाल्या.

तेच तर! आहुप्याच्या या डोंगरात मागितल्याबरोबर येतं काय? एस्टीसुद्धा नाही. त्यात कंत्राटदार रामदास कळंबचा, सदा हसतमुख. हा जुनं छप्पर काढणार आणि नवे पत्रे टेम्पोत घालून पुढच्या शाळेला दाखवायला नेणार, हे सावळेरामला स्वच्छ दिसत होतं. मग सोमवारी घोडेगावहून शाळा तपासायला साहेब येणार, उघडी खोली बघणार, शाळा बंद करून पोरांना खालच्या वसतिगृहात धाडणार. त्याची नात आरती दुसरीत होती. ती गेल्यावर त्याच्याशी भांडायचं कुणी?

जुने पत्रे उतरले. रामदास जेवायला गेला तशी सावळेरामने मुलाला, गोकुळला, हाताशी धरलं आणि नवे पत्रे देवराईत नेऊन ठेवले. देवाच्या रानातून कुणी वाळकी काटकी बाहेर आणत नाही. पत्रे कोण आणणार?

"पत्रे कुठं गेले राव?" रामदास परत येऊन ओरडला.

"देवराईत. पळून जाणार न्हाई अशी शपथ घे, मग देतो."

रामदासने आईची घेतली, टेम्पोची घेतली. सावळेराम ऐटीत उठला.

"दादा," गोकुळ हळूच म्हणाला, "पर तिथनं आणायचं कुणी?"

सावळेराम तसाच खाली बसला. राखणीला ठेवलेला देव आता मालक झाला होता.

"मी आणतो की," रामदास म्हणाला. सगळा गाव त्याच्याकडे वळला.

"बघा!" सावळेराम गरजला. "पहिल्यापासनं याचा डोळा देवाच्या पत्र्यांवरच व्हता!"

सावळेरामची बायको कोंडाबाई पुढे आली. "देवाला तुमी दिलं," ती म्हणाली, "आता शाळंला बी तुमीच द्या." आणि तिने आपल्या घराच्या छपराकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

सोमवारी सावळेरामच्या घरावर रामदासची पिवळी ताडपत्री होती आणि घराचे पत्रे शाळेवर. साहेब आले. पोरं पाढे म्हणत होती, डोक्यावर छप्पर होतं. "शाळा चालू आहे, छान," म्हणून ते चहाला टेकले.

चुलीचा धूर जायला पाडलेल्या भोकातून उन्हाचा कवडसा फळ्यावर पडला होता. बाईंनी त्याभोवती खडूने गोल काढला आणि सूर्य कसा सरकतो ते शिकवायला घेतलं.

"आबा," आरती मागे वळून ओरडली, "हे आपल्या चुलीवरचं भोक ना?"

"गप," कोपऱ्यात पहाऱ्याला बसलेला सावळेराम साहेबांवर नजर ठेवून पुटपुटला. "त्यांना कळलं तर ते बी नेतील."