नखातले नखरे

माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेचं नख थंड पाण्यात गेलं की डोक्यापर्यंत कळ जायची. बायकोला हे कधी पटलं नाही. "भांडी दिसली की बरं दुखतं! नखरे मेले," असं म्हणून ती हातात घासणी द्यायची. सूज नाही, जखम नाही, एक्स-रे स्वच्छ. मी दाखवणार तरी काय? गेल्या वर्षी ती गेली आणि आमचा खटला निकालाविना राहिला. भांडी तेवढी माझ्याकडे आली.

परवा बशी विसळताना मी असा ओरडलो, की भेटायला आलेल्या मेव्हणीने मला धरून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी टाचणीच्या डोक्याने नखावर ठिकठिकाणी दाबलं.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"भाऊजी, दुखण्याचा पत्ता विसरलात का?" मेव्हणी म्हणाली.

"आई गं!" मी लाथ झाडली. ट्रे खाली गेला.

डॉक्टरीणबाई मात्र खूश. "सापडलं!" त्यांनी शेजारच्या डॉक्टरांना हाक मारली. "असं क्वचितच बघायला मिळतं," म्हणत त्यांनीही दाबून घेतलं.

मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवला आणि पुन्हा तिथेच दाबलं.

"आता नाही दुखत," मी म्हणालो आणि जीभ चावली.

"बघा!" मेव्हणीने टाळी वाजवली. "ताई हेच म्हणायची. नखरे!"

माझं तोंड उतरलं. गेल्यावरही बायकोच जिंकली.

"अहो, तसंच व्हायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नखाखाली रक्तवाहिन्यांची बारीक गाठ असणार. रक्त थांबलं की ती गप्प बसते. ग्लोमस ट्यूमर म्हणतात. बहुतेक साधीच असते, कॅन्सर नव्हे. काढून तपासू."

"म्हणजे नखरे नाहीत? हिच्या ताईसाठी, हिच्याकडे बघून सांगा."

"नाहीत."

"पुन्हा सांगा."

"काका, नखरे नाहीत!"

मेव्हणीने डोळे टिपले. "ताईचा हातखंडा मुद्दाच गेला की हो, भाऊजी."

गाठ निघाली मोहरीएवढी. तपासणीतही साधीच ठरली. जखम भरल्यावर मी नळाखाली बोट धरलं. पाणी बर्फासारखं, पण कळ नाही.

"बघितलंस?" मी मोठ्याने म्हणालो.

 बायको काय म्हणाली असती ते मला ठाऊक होतं. म्हणून बाजूला भिजत ठेवलेलं करपलं पातेलंही घासून टाकलं.