दुरुस्तीसाठी प्रत

“असं मी बोललोच नाही!” चष्मा कपाळावर सारत आमचे हे म्हणाले. हातात मी टाइप करून दिलेली अकरा पानं होती.

“बोललात. पान सात, ओळ चौथी.”

मी संसदेत लघुलेखिका आहे. सभागृहात पाच मिनिटं बसायचं, कुणी जे बोलेल ते लघुलिपीत उतरवायचं, मग दुसरी येऊन बसते आणि आपण टाइप करायला उठायचं. सत्तावीस वर्षं देशाचे मोठमोठे वाद मी असे पाच-पाच मिनिटांचे ऐकले. एक कुतूहल मात्र अजून फिटलेलं नाही. सभागृहात एकमेकांचे वाभाडे काढणारी माणसं अर्ध्या तासाने कँटीनमध्ये एका टेबलावर चहा पितात. मग तोच वाद टीव्हीतून आमच्या घरात शिरला की इथली माणसं का तुटतात?

दोन वर्षांपूर्वी तेच झालं. प्रत्येक तरुणाला सक्तीने सैन्यात पाठवावं की नाही, यावर देशभर रान पेटलं होतं. टीव्हीवर दोन पुढारी भांडत होते आणि सोफ्यावर आमचे हे, बस डेपोतले मेकॅनिक, आणि माझा दादा, निवृत्त पोस्टमन. दोघांच्याही घरात सैन्यात जाईल असं कुणी नव्हतं, तरी प्रकरण हमरीतुमरीवर आलं. मी वहीत किराणा सामानाची यादी करत होते. यादी राहिली बाजूला, हाताच्या सवयीने मी सगळं भांडणच उतरवून घेतलं. दादा गेला तो परत आलाच नाही, आमचंही त्याच्याकडे जाणं थांबलं. माझं माहेर म्हणजे तेवढा एक दादा.

गेल्या आठवड्यात ती वही सापडली. आमच्याकडे भाषण छापण्याआधी सदस्याला दुरुस्तीसाठी प्रत पाठवतात. मीही कंसात ‘गोंधळ’, ‘अडथळा’ वगैरे घालून दोन प्रती काढल्या. एक दादाला पोस्टाने धाडली, ती पोचल्यावर दुसरी आज यांच्या हातात दिली.

“आणि तुझ्या दादांनी मला देशद्रोही म्हटलं, ते कुठंय?”

“शोधा की.”

यांनी पानं दोनदा उलटसुलट केली. तो शब्द पान पाचवर होता, पण तो बोलला होता टीव्हीवरचा पुढारी. तसं मी कंसात नोंदवलंही होतं. दुसऱ्याच्या तोंडचा शब्द दादाच्या नावावर घालून हे दोन वर्षं धुमसत होते! हसावं की कपाळावर हात मारावा, मला कळेना.

पान सातवरचं वाक्य मात्र यांचंच होतं: ‘तुमच्यासारख्यांनी माझ्या घरात पाऊल टाकू नये.’

ते यांनी पुन्हा वाचलं. आवाज खाली आला.

“पेन दे. एवढं खोडतो.”

“नावं, आकडे सुधारता येतात. बोललेलं खोडता येत नाही. मंत्र्यांनाही मी नाही म्हटलंय.”

“मग काय करतात?”

“उभं राहून सांगतात. सगळ्यांसमोर.”

खरं तर ‘खोडा’ असंच म्हणावंसं वाटत होतं. मला माझा दादा हवा होता, नियम गेला खड्ड्यात. पण हे आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

दादाकडे दार उघडायला बराच वेळ लागला. तो दिसताच हे शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहिले.

“घरात पाऊल टाकू नका म्हटलं होतं, ते मागे घेतो. सैन्याबद्दलचं मत तेच आहे.”

“माझंही तेच आहे,” दादा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “आणि पान दोनवर माझं एक वाक्य तू अर्धंच घेतलंयस, ते आधी बघू. या आत.”

मला रडू आवरेना. दादाने दाराआडची काठी घेतली आणि एकेक पाऊल जपत तो पुढे चालू लागला. चाळीस वर्षं दारोदार पायी टपाल वाटलेल्या माझ्या दादाला काठी कधी लागली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.