दोन काळ्या गिटारी आणि दोन डोळे

माझे मेव्हणे गेली सव्वीस वर्षं एका हॉटेलच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवतात. हे चार जाड तारांचं वाद्य. चालू असताना कुणाच्या कानात शिरत नाही, बंद पडलं की मात्र काहीतरी बिघडलंय एवढं सगळ्यांना कळतं. फ्रिजचंही असंच असतं. पण फ्रिजसाठी कुणी नऊपट किंमत मोजत नाही. मेव्हण्यांनी मोजली होती.

घरात त्यांची एक स्वस्तातली बेस गिटार होतीच, एका नामांकित गिटारीची हुबेहूब नक्कल. सहा वर्षांपूर्वी त्यांनी ती नामांकित गिटारच विकत घेतली. आता माझ्या बहिणीचा नियम असा की या घरात नवरा एक आणि गिटारही एक. मेव्हण्यांनी नियम मोडला नाही, रंगवला. फर्निचर पॉलिश करणाऱ्याकडून दोन्ही गिटारी एकसारख्या काळ्या करून घेतल्या. नाव, नंबर, सगळं रंगाखाली गेलं. आलटूनपालटून एक तालमीच्या खोलीत, एक घरी. दिसायला कायम एकच. स्वतःला ओळखू यावी म्हणून महागडीच्या पाठीवर त्यांनी नखाएवढी चिकटपट्टी लावून ठेवली होती.

त्या दुपारी मी सहज चहाला म्हणून गेलो, तर सोफ्यावर दोन्ही गिटारी पालथ्या पडलेल्या आणि मेव्हणे हातातल्या फडक्याकडे बघत उभे.

"दादा, दार लोटून घ्या. ही बाजारात गेलीय."

"झालं काय?"

"काही नाही. दोन्ही पुसल्या. तारा नव्या घातल्या."

"छान केलंत."

त्यांनी फडकं पुढे केलं. फडक्याला नखाएवढी चिकटपट्टी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माझ्या भाचीची एका स्टुडिओत बेस वादनाची निवड चाचणी होती. जागा एक, उमेदवार अकरा. पोरीच्या हातात चांगलं वाद्य द्यायचं, म्हणून मेव्हण्यांनी तालमीच्या खोलीतून महागडी गुपचूप घरी आणली होती. आणि आता त्यांनाच कळेना की आणली ती कुठली.

"वाजवून बघा की," मी म्हणालो. "सव्वीस वर्षांचा कान आहे तुमचा."

"त्याचीच तर भीती वाटतेय."

त्यांनी पहिली वाजवली. "हिचा आवाज गोल आहे." दुसरी वाजवली. परत एकदा वाजवली. "हिचाही गोल आहे. पण वेगळा गोल."

मग वजनकाटा आला. महागडी हलकी असते म्हणे. मेव्हणे एकेक गिटार कवटाळून काट्यावर उभे राहिले. काट्याने तीन वेळा तीन आकडे दाखवले, त्यातला सगळ्यात मोठा आकडा हातात गिटार नसतानाचा होता.

शेवटी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. माझा कान स्वच्छ आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे त्यात काही शिरलेलं नाही. पाठीमागून दोनदा घुमल्यासारखं झालं.

"दुसरी," मी ठामपणे सांगितलं. "दुसरी भारदस्त आहे."

"मी पहिलीच दोनदा वाजवली," मेव्हणे म्हणाले. "तुमची परीक्षा घेत होतो."

मी नापास झालो, पण ते पास झाले असंही म्हणवत नव्हतं.

तेवढ्यात भाची आतून आली. "बाबा, यातली नेऊ कुठली?"

"थांब, सूर लावतोय."

"तास झाला की."

आणि मग दार उघडलं. बहीण पिशवी घेऊन आत आली. सोफ्यावर दोन गिटारी. मी पंख्याची पाती मोजायला घेतली. तीन होती.

"आज दोन्ही घरी आणल्या वाटतं," बहीण म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"सहा वर्षं. ती चांगली असली की तुम्ही डोळे मिटून वाजवता. स्वस्तातली असली की टीव्ही बघत. मला काय, तेवढी करमणूक."

मेव्हण्यांना लाज वाटायला हवी होती, पण त्यांचा चेहरा उजळला. "मग तूच सांग. मी वाजवतो, तू डोळ्यांकडे बघ."

आम्ही तिघं ओळीने समोर बसलो. त्यांनी पहिली वाजवली. डोळे टक्क उघडे. दुसरी वाजवली. ते तसेच.

"अहो, मिटा ना."

"मिटू कसा? कुठली आहे ते कळल्याशिवाय मिटत नाहीत."

भाचीने उठून दोन्ही गिटारी एकेकदा गळ्यात अडकवून बघितल्या. "ही नेते."

"का? काय ऐकलंस हिच्यात?"

"काही नाही. हिचा पट्टा माझ्या मापाचा आहे."

"अगं, पट्टा काय, कुठेही मिळतो."

"मग मिळालाच आहे की, बाबा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मेव्हण्यांचा फोन आला. "दादा, घेतली पोरीला."

"अभिनंदन. मग तुमचा आवाज असा पडलेला का?"

"मला सांगा, महागडी गेली असेल तर माझे पैसे सार्थकी लागले. पण मग पोरीने काय केलं? आणि स्वस्तातली गेली असेल तर पोरगी गुणाची. पण मग मी सहा वर्षं डोळे कशाला मिटत होतो?"

"परीक्षक काय म्हणाले?"

"म्हणाले, आवाज सुरेख आहे."

"गिटारीचा की हाताचा?"

"तेच विचारायचं तिच्या लक्षात राहिलं नाही."

संध्याकाळी पेढे... म्हणजे चहा घ्यायला मी पुन्हा गेलो. भाची अजून यायची होती. मेव्हणे टीव्हीसमोर बसून उरलेली गिटार वाजवत होते. बहिणीने स्वयंपाकघराच्या दारातून मला खूण केली.

मी वाकून पाहिलं. उजवा डोळा गच्च मिटलेला होता. डावा टीव्ही बघत होता.

"दादा," बहीण हळूच म्हणाली, "मग ही कुठली धरायची?"