गुलाबाचं पोस्टकार्ड

धोंडू परबाची बायको अंबिका बाळंतपणासाठी मालवणजवळ माहेरी होती, आठवा महिना लागला होता, आणि त्याच्या चार पत्रांना तिनं एका ओळीचंही उत्तर दिलं नव्हतं. तिचं फारसं चुकलं नव्हतं. तिला बोटीवर बसवून द्यायच्या दिवशीच धोंडू संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात शिरला आणि पंधरा दिवस आत जाऊन बसला. "आधी महाराष्ट्र जोडा, संसाराचं मागाहून बघू," असा निरोप शेजारी ठेवून ती भावाबरोबर निघून गेली.

पाचवं पत्र नुसत्या शाईवर भागणार नव्हतं. फोर्टातल्या एका क्लबात वाढप्या असलेल्या रामूनं गुलाब छापलेले कागदी रुमाल आणून दिले.

"साहेब लोक यानं तोंड पुसतात."

"मग गुलाब कशाला?"

"ते साहेबाला विचार रे!"

धोंडू गिरणीत सुताला खळ चढवायचा, तेव्हा चिकटवण्याच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नसे. रुमालाचा वरचा चित्राचा पापुद्रा श्वास रोखून सोडवायचा, पोस्टकार्डाला पातळ खळ लावायची, वर पापुद्रा अलगद बसवायचा. तीन रुमाल फाटले, चौथा बसला. फक्त एका कोपऱ्याला सुरकुती राहिली. सुरकुती दिसली की धोंडूला जेवण जात नसे. त्यानं कात्रीनं कोपरा उडवला, मागच्या बाजूला पत्ता आणि "रागावू नकोस. मी येऊ का?" एवढंच लिहिलं आणि लालबागच्या नाक्यावर कार्ड पेटीत टाकलं.

परत आला तर शेजारच्या राधाबाई गॅलरीत केर काढत होत्या.

"ह्यो गुलाबाचो तुकडो कसलो रे?"

"पोस्टकार्डाचा कोपरा, काकी. अंबिकेला धाडलं."

राधाबाई झाडूसकट खाली बसल्या. "मेल्या, कोपरो कापून कार्ड धाडलंस? गरवार बायलेक?"

तेव्हा कुठं धोंडूला आठवलं. कोपरा नसलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं. गावाकडे असं कार्ड उंबऱ्याबाहेरच वाचतात, आणि वाचणारा पहिल्या ओळीला पोचायच्या आत बायका निम्मं रडून घेतात.

तो धावत नाक्यावर गेला. पोस्टमन कोंडीराम पेटी रिकामी करत होता.

"माझं कार्ड दे बाबा. चुकून पडलं."

"पेटीत पडलं ते सरकारचं."

"कुठल्या सरकारचं?"

"ते तुमचं ठरलं की मला कळवा," म्हणून कोंडीरामानं पिशवीचं तोंड आवळलं.

"तार कर," संध्याकाळी रामूनं सुचवलं.

"काय लिहू? मी जिवंत आहे?"

तार दारात आली की सासू ती फोडायच्या आधीच आडवी होणार, हे धोंडूला ठाऊक होतं.

रजा मिळेपर्यंत एक बोट सुटली होती. ती कार्ड घेऊन गेली. धोंडू दुसऱ्या दिवशीच्या बोटीवर. वाटेत त्यानं गावच्या देवाला, बोटीच्या इंजिनाला आणि टपालखात्याच्या दिरंगाईला सारखेच नवस बोलले. मालवणला उतरल्यावर तो चालला नाही, पळाला. शेवटच्या वळणावरून त्याला टपालवाला अंगणात शिरताना दिसला.

"पोस्ट!"

धोंडू शंभर पावलं मागे होता. तो पोचेपर्यंत सासूनं हंबरडा फोडला होता आणि शेजारणी कुंपण ओलांडून येत होत्या. "अगो, मी आसय! मी आसय!" तो ओरडला. त्या रडण्यात कुणाला ऐकू येणार? एका म्हातारीनं तर "बस बाबा, बस," म्हणून त्याला ओटीवर जागा करून दिली.

अंबिका दारात आली. तिनं आईच्या हातातलं कार्ड घेतलं, गुलाब बघितले, उलटून वाचलं. मग मान वर केली तर समोर तो उभा. घामेघूम, दाढी वाढलेली, एक चप्पल वाटेत गेलेली.

ती दाराची चौकट धरून सावकाश खाली बसली आणि दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं. तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

"अंबिके..."

"पाणी," ती दातांवर दात ठेवून म्हणाली, "आणि सुईणीला बोलवा. आत्ता."

धोंडू घरात पळाला. माठ कुठं, तांब्या कुठं, त्याला काही दिसेना. बाहेर रडणं एकाएकी थांबलं होतं, आणि त्या शांततेत त्याला फक्त तिचं कण्हणं ऐकू येत होतं.